टोकन परत मिळवायचंय? आधी पावती काढ

भावा, गाडी बुक करताना दिलेलं टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, अडकलं म्हणून घाबरू नकोस, पण गाडी विकणाऱ्याकडं जाऊन आवाजही चढवू नकोस. मी चढवला होता. चहा पाजून ‘सोमवारी बघू’ म्हणत तीनदा परत पाठवलं.

पावती उलटून बघ. माझ्या पावतीमागं ‘टोकन परत मिळणार नाही’ असा फिकट जांभळा शिक्का होता. असला तरी लगेच हार मानू नकोस. गाडीतला दोष लपवला असेल तर तेच कारण मांड.

– मागणी लेखी, स्पीड पोस्टानं. फोनवरचं ‘देतो की’ मोजू नकोस.
– ‘त्याच पैशात दुसरी गाडी घ्या’ला हो म्हणू नकोस. इथंच बरेच फसतात.

पंधरा दिवसांत हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पुढं कोल्हापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. तू दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकिलाचं नंतर बघू.