गावी राहायला आल्यावर ग्रामपंचायतीकडून काम कसं करून घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर मुंबई सोडून दापोली तालुक्यातल्या मूळ गावी राहायला आलात. घरपट्टी वेळेवर भरता, पण वाडीतली पाखाडी (घरांमधून जाणारी दगडी पायवाट), खांबावरचा दिवा आणि नळाचं पाणी यांसाठी कोणाकडे जायचं ते कळत नाही, आणि ग्रामपंचायतीत गेलात की 'बघू' असं उत्तर मिळतं. मी याच तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका ग्रामपंचायतीत सदस्य होते, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी मतदारयादीतलं नाव मुंबईहून गावी आणा. घरपट्टी भरल्याने तुम्ही करदाते होता, ग्रामसभेचे सदस्य होत नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतली माणसं. नाव यादीत नसेल तर तुमचं म्हणणं लोक ऐकून घेतील, पण ठरावाला तुमचा हात मोजला जाणार नाही.

आता पाखाडी, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त कामं इथेच अडतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना 23 नावाची नोंदवही असते. ताब्यातल्या रस्त्यांची नोंद तीत होते. गावात याला 'रस्ता 23 नंबरला आहे' असं म्हणतात. पाखाडी तिथे नोंदलेली नसेल तर तिच्यावर सरकारी पैसा खर्च करायला ग्रामपंचायत कचरते, आणि ते बरोबरच आहे. कारण पिढ्यानपिढ्या लोक चालत असले तरी जमीन कोणाच्या तरी सात-बारावर असते. त्या सात-बारावर सामाईकात पंधरा-वीस नावं, निम्मी माणसं बोरिवलीला नाहीतर डोंबिवलीला, आणि एकाने हरकत घेतली की काम बंद. सरपंचाला शिव्या घालून हे सुटत नाही. जमीनमालकांची लेखी संमती जमवावी लागते, आणि ती जमते गणपतीत किंवा शिमग्यात, जेव्हा सगळे घरी असतात. आधी सात-बारा काढून नावांची यादी करा. सणात घरोघरी जाऊन सह्या घ्या. मग अर्ज द्या. आमच्या वाडीत वर्षानुवर्षं रखडलेलं काम याच वाटेने पुढे सरकलं, आणि त्यात सदस्यापेक्षा वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचा शब्द जास्त उपयोगी पडला. व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, हवा असेल तर तो बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या ऐपतीबाहेरचा असतो. तिथे ग्रामपंचायतीने ठराव करून जिल्हा परिषदेकडे मागणी करायची असते.

दिव्याचं सोपं आहे. खांब आणि तारा महावितरणच्या, पण रस्त्यावरचा दिवा लावणं-बदलणं ग्रामपंचायतीचं. घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कर वेगळा दाखवलेला दिसेल, तो याचसाठी.

पाण्याबद्दल बोलताना पैशाचा हिशोब समजून घ्या. ग्रामपंचायतीकडे दोन मुख्य पिशव्या असतात. एक स्वनिधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे. आपल्या लहान गावांत ही रक्कम तुटपुंजी असते आणि तिच्यातूनही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. दुसरी पिशवी वित्त आयोगाची, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या निधीची. पंधराव्या वित्त आयोगात (2021 ते 2026) जिल्ह्यात येणाऱ्या निधीतले 80 टक्के थेट ग्रामपंचायतींना मिळत होते, पण त्यातले 60 टक्के 'बंधित', म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. त्यामुळे खात्यात पैसे दिसत असूनही सदस्य पाखाडीला नाही म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत असतीलच असं नाही. उलट नळाची दुरुस्ती पैसे नाहीत म्हणून टाळली जात असेल, तर बंधित निधी किती शिल्लक आहे हे जरूर विचारा. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि खर्च कोणालाही बघता येतो.

हा आराखडाच सगळ्याचं मूळ आहे. पुढच्या आर्थिक वर्षाची कामं 2 ऑक्टोबरपासूनच्या काही महिन्यांत ठरतात. आराखड्यात नाव नसलेलं काम वर्षाच्या मध्ये घुसवणं फार कठीण. आपला चाकरमानी मे महिन्यात येऊन रस्त्याबद्दल भांडतो, तोवर यादी कधीच मंजूर झालेली असते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. कोकणात अर्धी घरं कुलूपबंद, त्यामुळे सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग चावडीवर जमलेली मोजकी माणसं गावाचं वर्षभराचं ठरवतात. मला याचं फार वाईट वाटतं. तहकूब सभेला तुम्ही वाडीतली दहा माणसं घेऊन गेलात तरी सभेचं चित्र बदलतं. घरातल्या बायकांनाही पाठवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि पाण्याचा प्रश्न तिथे जितका स्पष्ट मांडला जातो तितका मी मुख्य सभेत कधी ऐकला नाही.

काही गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातात नसतातच. जेट्टी मेरीटाईम बोर्डाची, धूपप्रतिबंधक बंधारा पतन विभागाचा, सात-बारा आणि फेरफार तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी). किनाऱ्याजवळ घर वाढवायचं असेल तर सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारा) नियम आधी पाहा, सरपंचाच्या तोंडी होकारावर एक चिराही लावू नका. वादळानंतरचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहाय्यक (आता सहाय्यक कृषी अधिकारी) मिळून करतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा ज्यांच्या झाडांची नोंद सात-बारावर होती त्यांचं काम सोपं झालं. तुमच्या बागेची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सात-बारावर पिकाची नोंद, केलेली नसेल तर करून घ्या.

अर्ज नेहमी लेखी द्या आणि आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज मासिक सभेत वाचला गेला की नाही हे नंतर सिद्ध करता येत नाही. ठराव होऊनही काम हलत नसेल तर दापोलीला पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना भेटा. तिथेही दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. मात्र 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. ठरावाची तारीख आणि कामाचं नाव घालून ठरावाची, अंदाजपत्रकाची आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदलेली वही) प्रत मागा.