महिनाभर रोज एक वन्यजीव नोंदवायचा चॅलेंज घेतलाय, पण जंगलात जाणं जमत नाही. बेळगावात टिळकवाडीतल्या घरच्या पाली, साळुंक्या चालतील काय?

चालतील की हो, भीमगड अभयारण्यात जायलाच पाहिजे असं काही नाही. मी स्वतः आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवांच्या नोंदी करायच्या ॲपवर, नोंदी टाकतो, तिथं फोटो किंवा आवाज, तारीख आणि जागा एवढं असलं की नोंद धरली जाते, आणि निदान दोघांचं नावावर एकमत झालं की तिला रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला चालेल असा दर्जा, मिळते, मग ती साळुंकी असो नाहीतर गवा. रोजच्या जीवांच्या नोंदीही तितक्याच कामाच्या, धनेशाच्याच मागे लागायला नको. तीस दिवस भरायचे तर

- रात्री पोर्चच्या लाईटवर येणारे पतंग, एवढ्यावरच आठवडा निघतोय बघा
- व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी चक्कर, बुलबुल, कोतवाल, झाडाच्या सालीवरचे कोळी
- भिंतीवरचं शेवाळ, फटीतलं तणसुद्धा

नाव येत नसलं तर नुसतं 'कोळी' टाका, ओळखणारे ओळखतात. फक्त कुंडीतली जास्वंद, घरचं मांजर, पिंजऱ्यातला पोपट टाकलात तर 'पाळीव किंवा लावलेलं' अशी खूण करा, त्यांना रिसर्च ग्रेड मिळत नाही.