गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं आणि एक्स-रे नॉर्मल आहे, मग पळणं सोडायचं का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, दोन महिन्यांपूर्वी पळायला लागलात, आणि आता जिना उतरताना, उकिडवं बसताना आणि बराच वेळ खुर्चीत बसून उठताना दोन्ही वाट्यांभोवती दुखतं. गुडघ्यातून कटकट आवाज येतो. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. वाटी झिजली असेल का आणि व्यायाम पूर्ण थांबवावा का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

वाटी झिजल्याची शक्यता फार कमी आहे. व्यायाम पूर्ण थांबवू नका, तो बदला.

दुखणं नेमकं कुठलं आहे, हे आधी पाहू. 'कुठे दुखतं?' असं विचारल्यावर एका बोटाने जागा दाखवता येत नसेल आणि हात वाटीभोवती गोल फिरत असेल, तर हे बहुधा वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधलं दुखणं आहे. अशा लोकांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना उकिडवं बसताना दुखतं, त्यामुळे सगळ्यात सोपी चाचणी तीच. एका बोटाने वाटीच्या खालच्या टोकाचा बिंदू दाखवता येत असेल आणि उड्या मारताना दुखत असेल, तर तो कंडरेचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचा) त्रास असतो आणि त्याचा व्यायाम वेगळा. वाटीच्या वर, कातडीखाली मऊ फुगवटा आला असेल तर तेही वेगळं. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात चपखल बसतं.

आता, का दुखतं ते. वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत बसलेलं हाड आहे. पाय सरळ असताना ती मांडीच्या हाडावरच्या खोबणीच्या वर मोकळी असते. गुडघा २० ते ३० अंश वाकला की ती खोबणीत शिरते, आणि पुढे जितका वाकेल तितकी ती मागे दाबली जाते. सपाट रस्त्यावर चालताना हा दाब अंदाजे शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिन्यावर साधारण तिप्पट, तर खोल उकिडवं बसताना सात-आठ पट होतो. म्हणून सपाटीवर काही होत नाही आणि जिना उतरताना कळ येते. हा दाब वाईट नाही, सांध्याला तो हवाच असतो. पण दोन महिन्यांत एकदम वाढवलेला भार स्नायूंच्या आणि हाडाच्या तयारीच्या पुढे गेला, की ती जागा चिडते.

एक्स-रे नॉर्मल येणं हे या दुखण्यात अपेक्षितच आहे. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या वेदनेच्या नसा नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, वाटीखालची चरबीची गादी आणि वाटीला दोन्ही बाजूंनी धरणारे पट्टे. याच कारणाने एमआरआयमध्ये कूर्चा थोडी खडबडीत दिसूनही काहींना अजिबात दुखत नाही, आणि ती स्वच्छ असूनही काहींना खूप दुखतं. कटकट आवाजाचंही तसंच. आवाजासोबत सूज नसेल आणि गुडघा अडकत नसेल, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

सुरुवात भार कमी करण्यापासून. वेदनेला ० ते १० मध्ये आकडा द्या. व्यायाम करताना ती ३ च्या वर जाऊ नये, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर यावी. या दोन अटींत जेवढं पळणं बसतं तेवढं चालू ठेवा, अगदी दहा मिनिटं असलं तरी. उताराचा रस्ता आणि पायऱ्या काही आठवडे टाळा. बसून काम असेल तर दर अर्ध्या तासाने पाय सरळ करा, कारण गुडघा वाकलेलाच ठेवून बसलं की वाटी तितका वेळ दाबलेली राहते.

पळण्यात एक बदल लगेच करता येतो. ३० सेकंदांत दोन्ही पायांची मिळून किती पावलं पडतात ते मोजा आणि दुप्पट करा. समजा मिनिटाला १६० आली, तर वेग तोच ठेवून १६८ ते १७२ करा, म्हणजे ५ ते ८ टक्के जास्त. पाऊल आखूड पडतं, टाच शरीराच्या फार पुढे आपटत नाही आणि वाटीवरचा दाब कमी होतो. यात सगळ्यांची गफलत एकच होते: पावलं वाढवताना वेगही वाढतो, आणि मग फायदा उरत नाही.

खरा उपचार मात्र ताकदीचा आहे, आणि तो खुबा आणि गुडघा दोन्हींचा हवा. गुडघा फार चिडलेला असेल तर पहिले एक-दोन आठवडे भर खुब्यावर द्या, कारण त्यात वाटीवर जवळजवळ भार येत नाही. भिंतीला पाठ आणि टाच टेकवून कुशीवर झोपा, खालचा गुडघा वाकवा, वरचा पाय सरळ ठेवून टाच भिंतीवरून वर सरकवा. बोटं समोर, छताकडे नाहीत. कंबर मागे कलंडली की काम पुढचा स्नायू करतो आणि कुल्ल्याच्या बाजूला काहीच जाणवत नाही. जाणवत नसेल तर तो व्यायाम झालाच नाही असं धरा. १२ वेळा, ३ फेऱ्या. सोबत पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम, आधी दोन पायांवर, मग एका पायावर.

मग गुडघा. खुर्चीसमोर उभं राहून हळूहळू खाली जा, पण सुरुवातीला ४५ अंशांपर्यंतच, म्हणजे पूर्ण बसण्याच्या निम्म्या वाटेपर्यंत. कंबरेतून थोडं पुढे झुका. पाठ ताठ ठेवून गुडघे बोटांच्या फार पुढे ढकलले तर वाटीवरचा भार वाढतो. हे सोपं झालं की पायरीवरून उतरण्याचा व्यायाम: १० सेंटिमीटर उंचीवर एका पायाने उभं राहा, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत जमिनीला हलकेच टेकवा, परत वर या. समोर आरसा ठेवा. गुडघा आत वळता कामा नये, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेत राहायला हवा, आणि कंबर एका बाजूला झुकू नये. जमलं की १५, मग २० सेंटिमीटर.

जिममध्ये पाय सरळ करण्याचं यंत्र असेल तर तिथे नियम उलटा आहे: ९० अंशांपासून ४५ पर्यंतच सरळ करा. उभ्याने बसताना खोलीबरोबर दाब वाढतो. यंत्रावर मात्र पाय सरळ होत येतो तसा स्नायूला जास्त जोर लावावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच वाटीची टेकायची जागा लहान झालेली असते. दोन्ही व्यायाम अर्धवट केले तर त्रास न होता ताकद वाढते. तीन-चार आठवड्यांनी मर्यादा हळूहळू वाढवायची.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. वजन इतकं की शेवटच्या दोन आवृत्त्या कठीण जाव्यात. वजनाशिवाय रोज शंभर वेळा पाय उचलून दमसास वाढतो, ताकद फारशी नाही, आणि माझ्या मते बहुतेकांचा व्यायाम इथेच फसतो. मांडीच्या आतल्या बाजूचा छोटा स्नायू वेगळा कामाला लावायचा, असंही सांगितलं जातं. तो एकटा आकुंचन पावतच नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

टेपचा उपयोग होतो, पण मर्यादित. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट जेनी मॅकॉनेल यांनी १९८० च्या दशकात वाटी आतल्या बाजूला ओढून धरणारी न ताणणारी पट्टी लावण्याची पद्धत मांडली. लावण्याआधी आणि नंतर तेच उकिडवं बसून बघा: वेदना तिथल्या तिथे स्पष्ट कमी झाली तर व्यायामापुरती काही आठवडे वापरा, नाही तर काढून टाका. खाज किंवा पुरळ आलं तरी काढा. बुटातल्या तयार आधाराच्या पट्ट्यांचंही तेच, पहिल्या काही आठवड्यांपुरतं. अल्ट्रासाऊंडच्या शेकावर मी पैसे घालणार नाही, कूर्चेच्या गोळ्यांवरही नाही.

पंधरा दिवसांत बरं वाटू लागतं आणि लोक सरळ जुन्या अंतरावर उडी मारतात. ताकद तोपर्यंत वाढलेली नसते. चांगला फरक साधारण सहा आठवड्यांनी दिसतो, आणि कार्यक्रम बारा आठवडे चालवायचा. पळणं परत वाढवताना एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, अशी वीस मिनिटं, एक दिवसाआड. आधी पळण्याचा भाग वाढवा, मग एकूण वेळ, सगळ्यात शेवटी वेग आणि उतार.

गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, सांधा मध्येच अडकून सरळ होईना, वाटी बाजूला सरकल्यासारखी वाटली, रात्री झोपेतून जाग आणेल इतकं दुखलं किंवा पायावर वजन टाकता येईना, तर यातलं काहीही न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हे काही नसेल आणि सहा आठवडे प्रामाणिकपणे वजन वाढवत व्यायाम करूनही आकडा हलला नाही, तर फिजिओथेरपिस्टसमोर एकदा हेच व्यायाम करून दाखवा. पुष्कळदा चूक पद्धतीत किंवा वजनात सापडते. एमआरआयचा विचार त्यानंतर.