मुलगी बोलत नाही, दुधाच्या दाढा किडल्यात. पडणाऱ्याच दातांवर उपचार करावेत का?

करावेत, आणि लवकर करावेत. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे, आणि घरचे म्हणतात, ‘दुधाचेच तर दात, पडतील, त्या जिवाला आणखी त्रास कशाला?’ आमच्या घरातही हेच बोललं जायचं. माझ्या मुलालाही सेरेब्रल पाल्सी आहे, तोही बोलत नाही. मी डॉक्टर नाही, आई म्हणून सांगते.

तो पाच वर्षांचा असताना रात्री दोन-तीनदा किंचाळत उठायला लागला. डावी मूठ तोंडात कोंबायचा, नाहीतर कानावर आपटून घ्यायचा. घास तोंडात गेला की मान उजवीकडे टाकायचा. आम्हाला वाटलं, फिट्सचं औषध बदललंय, त्याने होत असेल. मग वाटलं, हट्ट करतोय. शेवटी ‘या मुलांचं असंच असतं’ म्हणून गप्प बसलो. असे चार महिने गेले. एक दिवस आंघोळीनंतर त्याचं डोकं मांडीवर घेऊन टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर खालच्या डाव्या दाढेत काळा खड्डा आणि शेजारच्या हिरडीवर पुवाची बारीक पुळी. ती दाढ काढली त्याच आठवड्यात पोरगं रात्रभर सलग झोपलं. इतके दिवस ते ठणका सोसत होतं आणि आम्ही सगळं त्याच्या अपंगत्वाच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो. हे मला अजून सलतं.

दातांमुळे लहान मुलांच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजायला १३ प्रश्नांची एक प्रश्नावली २००७ पासून वापरात आहे. ९ प्रश्न मुलाचे: दुखणं, खाणंपिणं, झोप, शाळा बुडणं, हसायचं-बोलायचं टाळणं वगैरे. ४ घरच्यांचे, त्यात आईवडिलांना अपराधी वाटतं का, हाही एक. पण जे मूल मुळातच बोलत नाही, ते बोलायचं टाळतंय हे कसं ओळखणार? म्हणून तिच्या खुणा तुम्हालाच ओळखाव्या लागतील: एकाच बाजूने चावणं, गार पाण्याला दचकणं, लाळ एकदम वाढणं, गालाला हात लावू न देणं.

आता ‘पडतीलच’बद्दल. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे अजून चार-सहा वर्षं तिला त्यांच्यावरच जेवायचंय. शिवाय त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षीच येते. ती पडणारी नाही, आणि कीड लागायला तिला तेच तोंड मिळतं.

स्वतःला दोष देऊ नका. आपल्या मुलांची जीभ दातांवरून नीट फिरत नाही, मऊ अन्न गालात तासन् तास साठून राहतं. औषधांची सिरप गोड असतात आणि काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. औषध मनाने बंद करू नका. बिनसाखरेचं मिळतं का ते डॉक्टरांना विचारा, आणि रात्रीचा डोस ब्रश करण्याआधी द्या.

ब्रश तुम्हीच करा. डोकं मांडीवर, तुम्ही मागे. समोरून दातांना ब्रश लागला की माझ्या मुलाचा जबडा घट्ट मिटतो, म्हणून मी बोटाने गाल बाजूला करून मागच्या दाढांपासून सुरू करते. पेस्ट किमान १००० पीपीएम फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. थुंकता येत नसेल तर त्याहून कमी घेऊन नंतर ओल्या कापडाने पुसून काढा.

उपचारांची धास्ती मलाही होती. पण कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध नुसतं लावून ती बहुतेकदा थोपवता येते, ड्रिल लागत नाही. किडलेला भाग काळा पडतो, पण तिच्या झोपेपुढे त्याचं काय एवढं? खोल गेली असेल तर नसेचा उपचार किंवा दाढ काढणं. पूर्ण भूल द्यायची ठरलीच, तर सगळ्या दातांचं काम एकाच वेळी करून घ्या, आणि तिला फिट्स येत असतील तर दातांच्या डॉक्टरांना फिट्सच्या डॉक्टरांशी आधी बोलायला सांगा.

आज रात्री टॉर्च घेऊन बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तरी ती किडीची सुरुवात असू शकते. फोटो काढून ठेवा, दाखवायला उपयोगी पडतो. गाल सुजला असेल किंवा ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांना गाठा.