कोकणात जुनं घर घेताय? आधी सातबारा

घर आवडलं तरी बयाणा देण्याची घाई नको. आधी सातबारा आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीसेक सामाईक हिस्सेदार सहज निघतात, त्यातले निम्मे मुंबईत. एकाचीही सही राहिली, तर पुढे दावा ठरलेलाच. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव दिसतंय का, जमीन भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी) तर नाही ना, हेही बघा. घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. इथे बरेच जण फसतात. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध, घ्या. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीतल्या बांधकामावरचे निर्बंध, तपासा. चिऱ्याच्या भिंतींची ओल जुलैत कळते, विहिरीचं पाणी मे महिन्यात. म्हणून दोन फेऱ्या माराच.