पुढाऱ्यांना आणि नटनट्यांना फँटसी कादंबऱ्यांतली पात्रं चिकटवण्यात एवढी काय मजा आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा भाचा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. तो आणि त्याचे मित्र जाडजूड फँटसी कादंबऱ्या वाचतात आणि दिवसभर आमदार, नट, रीलवाले यांना त्यातली पात्रं वाटत बसतात. हा पोरकटपणा समजायचा, की राजकारणापासून पळवाट?"

माझ्या मते दोन्ही नाही. मी त्याच जिल्ह्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळते. पोलीस भरतीची पुस्तकं न्यायला येणारे पोट्टे अधूनमधून ड्रॅगनवाली पुस्तकंही नेतात. हॅरी पॉटर मराठीत आहे, त्यामुळे त्याच्या प्रतींची पार पिसं निघाली आहेत. बाकीची इंग्रजी पुस्तकं कोणीतरी अमरावतीहून, नागपूरहून जुनी विकत आणतो, ती हातोहात फिरतात. पुस्तक परत करायला आले की हे लोक माझ्या टेबलाशी उभे राहून तुमच्या भाच्याचाच खेळ खेळतात. मी रजिस्टर भरता भरता ऐकत असते, कधी कधी त्यात पडतेही.

बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, हे पुढाऱ्यांना नावं ठेवताहेत. पण जरा वेळ ऐका. पुढाऱ्याचं नाव एकदाच येतं, आणि नंतरचा तासभर वाद चालतो तो पुस्तकावर. एकजण म्हणतो, अमका म्हणजे लिटलफिंगर, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला कारस्थानी दरबारी. दुसरा उसळतो, "कायचा लिटलफिंगर बे? तो कधी उघड पार्टी बदलते का? तो तं सगळ्याइच्याच घरचा असते." मग तिसरा मोबाइलवर पान काढून वाचून दाखवतो. आमदार बिचारा बाजूलाच राहतो. चाहत्याला पुढारी पाहिजे असतो तो पात्र घासून बघायला.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मी सरपंचाच्या निवडणुकीत पाहिलं. थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत आपल्याकडे 2017 ला आली, 2020 ला गेली आणि 2022 ला परत आली. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही मालिका ज्यांवरून निघाली, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या पुस्तकांतलं चौथं 2005 चं. त्यात समुद्री लुटारूंच्या बेटांवर राजा निवडायची सभा भरते, किंग्जमूट. प्रत्येक दावेदार आपल्या पेट्या आणतो आणि लोकांपुढे ओततो. आशा ग्रेजॉय नावाची बाई मात्र पेट्यांतून गोटे, पाइनची बोंडं आणि सलगम ओतते. तिचं म्हणणं, एवढ्या लढाया करून उत्तरेतून हेच हाती लागलं, आता तह करू, जमीन मागू, पोरंबाळं वाढवू. लोक थोडे विचारात पडतात. तेवढ्यात तिचा काका युरॉन येतो, रणशिंग फुंकवतो आणि सांगतो की ड्रॅगन आणून देतो. झालं, राजा युरॉन!

हे प्रकरण एका पोट्ट्याने ऐन प्रचारात आठ-दहा जणांना मराठीत करून सांगितलं. पेट्या म्हणताच सगळे हसले, ते का हसले हे कोणी कोणाला समजावलं नाही. सगळ्यांनी आशाची बाजू घेतली. मी विचारलं, मत कोणाला दिलं असतं? निम्मे गप्प. एकजण म्हणाला, "ताई, सलगम पाहून कोन मत देते?" एवढं खरं उत्तर मला त्या निवडणुकीत दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळालं नाही.

चिन्हांचाही एक खेळ आहे. मार्टिनच्या जगात प्रत्येक घराण्याचं निशाण असतं: लांडगा, सिंह, हरिण, ड्रॅगन. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात, आयोगाच्या यादीतली कपबशी, शिट्टी, रोडरोलर असली मुक्त चिन्हं मिळतात. पोट्ट्यांनी ती यादी घेऊन वेस्टरॉसच्या, म्हणजे मार्टिनच्या कल्पित देशातल्या, घराण्यांना चिन्हवाटप केलं. बर्फाळ स्टार्कांना फ्रीज. सोन्याच्या खाणीवाल्या लॅनिस्टरांना कपाट. ड्रॅगनवाल्या टार्गेरियनांना अर्थातच गॅस शेगडी. तो कागद टेबलावर पडलेला एका पॅनलच्या कार्यकर्त्याने पाहिला. मी जरा घाबरले. त्याने सगळा वाचला आणि विचारलं काय, तर "यातलं आमच्या भाऊले कोणतं?" शेगडी म्हटल्यावर खूश होऊन गेला. ड्रॅगनवाल्या घराण्याचं पुढे काय होतं, ते त्याला कोणी सांगितलं नाही.

आता नटनट्या. शहरातल्या माणसाला सेलिब्रिटी म्हणजे सिनेमावाले वाटतात. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा चौकात सेलिब्रिटी जन्माला येतो, फ्लेक्सवर. 'कार्यसम्राट', 'युवा हृदयसम्राट', 'गोरगरिबांचे कैवारी', 'भावी जिल्हा परिषद सदस्य'. आणि मार्टिनच्या डेनेरिसच्या, म्हणजे टार्गेरियन घराण्यातल्या राजकन्येच्या, मागे दरबारात बिरुदांची अशीच लांबलचक माळ लागते: साखळ्या तोडणारी, ड्रॅगनांची आई, न जळालेली. कोणीतरी झेरॉक्सच्या दुकानात बसून तिचा फ्लेक्स तयार केला. वर पाच छोटे गोल फोटो, खाली गॉगल लावलेली डेनेरिस, आणि मजकूर: 'दास्यमुक्तीच्या प्रणेत्या, ड्रॅगनमाता, सात राज्यांच्या भावी महाराणी डेनेरिसताई यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त दोथराकी मित्रमंडळ, मीरीन.' दोथराकी म्हणजे तिचे घोडेस्वार, मीरीन तिने जिंकलेलं शहर. खालच्या कोपऱ्यात तीन ड्रॅगनांचे हात जोडलेले फोटो. हा फ्लेक्स मोबाइलवरच फिरला, छापला नाही. पण त्यानंतर चौकातला कुठलाही खरा फ्लेक्स मला सरळ चेहऱ्याने वाचता येत नाही.

हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकातला गिल्डरॉय लॉकहार्ट तर जणू आमच्यासाठीच लिहिला आहे. मोहक हास्याचं बक्षीस पाच वेळा पटकावलेला, स्वतःच्या फोटोंनी भिंती भरलेला मास्तर. पराक्रम दुसऱ्यांनी केलेले, हा त्यांच्या आठवणी मंत्राने पुसतो आणि पुस्तकावर स्वतःचं नाव टाकतो. तालुक्याला कापडाच्या दुकानाचं उद्घाटन करायला आलेल्या रीलस्टारला पोट्ट्यांनी आधी लॉकहार्ट म्हटलं. मग दुरुस्ती झाली: तो नुसता हसतो, कोणाचं श्रेय चोरत नाही. खरा लॉकहार्ट तो, ज्याच्या फ्लेक्सवर 'माझ्या अथक प्रयत्नांतून मंजूर' असं असतं आणि त्याच रस्त्याचं भूमिपूजन आधीच्याने करून ठेवलेलं असतं. मला ही दुरुस्ती फार आवडली. पात्र नीट माहीत असल्याशिवाय ती सुचत नाही.

हॅरी पॉटर आणि ड्रॅगन नवे आहेत, खेळ मात्र इथलाच आहे. विदर्भात पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या, म्हणजे चिमटे काढणाऱ्या ओळी, होतात, हे तुम्ही पाहिलं असेल. महादेव-पार्वतीच्या नावाने सुरू करायचं आणि सावकार, सरकार, पुढारी सगळ्यांना मधल्या ओळींत घ्यायचं. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात, आणि त्यांच्यावर त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव. आमच्या वाचकांनी एका पोळ्याला स्वतःची झडती म्हटली:

तलवारी गाळून खुर्ची केली,
बसनाऱ्याची पाठ सोलून गेली,
सात राज्यात सोयरे झाले,
कापसाचे भाव कोनी नाही पायले,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

मार्टिनच्या पुस्तकात ते लोखंडी सिंहासन बसणाऱ्याला खरंच कापतं, म्हणून दुसरी ओळ. म्हाताऱ्या कास्तकारांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी कापसाच्या ओळीला दाद दिली आणि पुन्हा म्हणायला लावली.

याचं कारण गावात राहणाऱ्याला लगेच कळेल. दीड हजार वस्तीच्या गावात माणसाचं नाव घेऊन बोलणं महाग पडतं. ज्याच्यावर बोलायचं तो चुलतभावाचा सासरा असतो, नाहीतर त्याच्याच विहिरीवरून पाणी घ्यायचं असतं. पात्राचं नाव घेतलं की बोलणंही होतं आणि संबंधही टिकतात. दोन वेगळ्या पक्षांची घरं असलेले पोट्टे एकाच बाकावर बसून भांडू शकतात, कारण भांडण कागदोपत्री टिरियन लॅनिस्टरचं असतं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बँकॉकमध्ये झाली. 3 ऑगस्ट 2020 ला तिथले तरुण हॅरी पॉटरचे झगे आणि कांड्या घेऊन लोकशाही स्मारकापाशी जमले. थायलंडमध्ये राजाचा अवमान केला तर एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. ज्याचं नाव घ्यायचं नाही असा खलनायक पुस्तकात तयारच होता, त्यांनी तो उचलला. त्यांचा धोका तुरुंगाचा होता, आमचा फार तर लग्नाची पत्रिका न येण्याचा.

कोर्टाने हा खेळ अंगावर घेतला की काय होतं, ते तुर्कस्तानात दिसलं. एका डॉक्टरने राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचे फोटो टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॉलमच्या फोटोंशेजारी लावले. त्याच्यावर अवमानाचा खटला भरला. 2015 मध्ये न्यायाधीशांनी गॉलम हे पात्र चांगलं की वाईट, हे ठरवायला तज्ज्ञ नेमले! तेव्हा सिनेमाचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी कळवलं की हे फोटो गॉलमचे नाहीतच, ते स्मीगलचे आहेत, आणि स्मीगल गोड स्वभावाचा आहे. एकाच देहात दोघं राहतात, पण चाहत्यांच्या लेखी ते वेगळे. आमच्या टेबलाशी हा खटला दहा मिनिटांत निकाली निघाला असता.

पक्ष हा खेळ हातात घेतात तेव्हा मात्र त्यातली गंमत जाते. टॉल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे की त्याला रूपककथा आवडत नाहीत. रूपकात लेखक वाचकावर हुकूमत गाजवतो, पण गोष्ट आपल्या काळाला लावून बघायची मोकळीक वाचकाचीच. साठच्या दशकात अमेरिकेतले विद्यार्थी त्यातल्या जादूगाराच्या नावाचे, 'गॅन्डाल्फ फॉर प्रेसिडेंट'चे बिल्ले लावून हिंडत होते, आणि 1977 पासून इटलीतल्या कडव्या उजव्यांची पोरं त्याच पुस्तकातल्या बुटक्या हॉबिटांच्या नावाने शिबिरं भरवत होती. पुस्तक एकच. पण बिल्ल्यात थट्टा होती, शिबिरात ठरलेलं उत्तर होतं. 2018 च्या नोव्हेंबरात ट्रम्प यांनी इराणवरच्या निर्बंधांसाठी 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या धाटणीचं पोस्टर टाकलं, तेव्हा ती मालिका दाखवणाऱ्या चॅनेलवाल्यांनी उलट विचारलं की ट्रेडमार्कचा गैरवापर याला दोथराकी भाषेत काय म्हणतात. पुढारी स्वतःच स्वतःला पात्र देऊ लागला, की तो फ्लेक्सच झाला.

आमच्या टेबलाशी एक अलिखित नियम आहे, जिवंत माणसाला कायमचं पात्र द्यायचं नाही. अमेरिकेत 2018 साली शेकडो मुलींचं नाव खलीसी ठेवलं गेलं, म्हणजे डेनेरिसचंच बिरुद. 2019 मध्ये टीव्ही मालिकेच्या शेवटी तिने शरण आलेलं शहर जाळलं. गोष्ट संपायच्या आधी बारसं केलं की असं होतं. शिवाय मार्टिनचं पाचवं पुस्तक 2011 ला आलं, सहाव्याची अजून वाट आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरण प्रकल्पाची कोनशिला 1988 ची. प्रकल्प आधी पुरा होतो की पुस्तक आधी येतं, यावर आमच्याकडे पैज लागलेली आहे. मी प्रकल्पाच्या बाजूने नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि मी ती बोलून दाखवते. पुढाऱ्याला पात्र देताना पोट्टे त्याची करणी बघतात, नटीला देताना तिचं रूप. नटाला टिरियन म्हणतील तर हुशारीसाठी, नटीला सर्सी, म्हणजे मार्टिनची कपटी राणी, म्हणतील तर तिच्या लग्नावरून. मग मी पान विचारते. सर्सी कोणत्या प्रसंगात असं वागते, दाखवा. बहुतेक वेळा पान निघत नाही आणि विषय बदलतो. तुमचा भाचा खेळत असेल तर एवढं जरूर बघा.

राहिला पळवाटेचा मुद्दा. मागच्या ग्रामसभेत पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब मागायला जे चारजण उभे राहिले, त्यातले तीन याच टेबलाचे. हिशेबाची वही पुढच्या सभेत दाखवतो, असं उत्तर मिळालं. त्या रात्रीच उत्तर देणाऱ्याला एक पात्र मिळालं, आणि ते इतकं चपखल आहे की एकानेही हरकत घेतली नाही. कोणतं ते इथे लिहीत नाही, ते गृहस्थ वाचनालयाचे सभासद आहेत.