खुले, प्रवेशिका आणि मज्जाव

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : 'सर्वांसाठी खुले चित्रप्रदर्शन' असा फलक वाचून आत जायला निघालो, तर दारावर प्रवेशिका मागितली. 'खुले' होते ते म्हणे चित्रे पाठवण्यापुरते. हा प्रयोग बरोबर आहे का?

नाही. हे 'खुले' ऐकून ऐकून कान किटले आहेत. चित्र पाठवायला मुभा, ते भिंतीवर लागणे आणि ते बघायला मिळणे, ही तीन वेगळी दारे. लंडनच्या रॉयल अकादमीचे उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरते. चित्र कोणीही पाठवावे. पण दर चित्रामागे शुल्क, मग निवड, आणि बघणाऱ्याला तिकीट. अकादमीच्या सदस्यांची चित्रे मात्र निवडीशिवाय लागतात! १८८४ मध्ये पॅरिसच्या स्वतंत्र चित्रकारांनी परीक्षक आणि बक्षिसे दोन्ही उडवून लावली. ते खरे खुले, तेही चित्रकारापुरतेच.

त्यात 'प्रवेशिका' हा शब्द दुतोंडी. चित्रकार भरतो तीही प्रवेशिका, प्रेक्षक दारात दाखवतो तीही. असो.

खरी गंमत 'मज्जाव'मध्ये आहे. वाचकाला दारात झाला तो मज्जाव. हा शब्द 'सज्जन'सारखा वाजतो म्हणून काही जण त्याचे मूळ संस्कृतात शोधतात. शोधोत बापडे! सरळ हिंदी 'मत जाव', म्हणजे 'जाऊ नको', आहे. 'सत्' आणि 'जन' मिळून 'सज्जन' होतो, तसाच 'मत'मधला त पुढच्या ज-ला मिळाला. संधी संस्कृताचा, माल हिंदीचा. कोश एवढी फोड देऊन गप्प बसतात. हे कोणी, कुठे म्हटले असेल, याची चौकशी नाही. माझा तर्क असा की ही देवडीवरच्या हिंदुस्थानी पहारेकऱ्याची आरोळी. रोज ऐकून मराठी माणसाने अख्ख्या आज्ञेचेच नाम करून टाकले. तर्क न पटणाऱ्यांनी 'मज्जाव' बहुधा दाराशी, वाटेशीच का येतो ते सांगावे. जेवायला मज्जाव सहसा कोणी करत नाही, पंगतीत शिरायला करतात.

आणि याची परतफेड सोलापुरातच ऐकू येते. आपण हिंदीचा 'मत' घेतला, तर दखनी उर्दूने आपला 'नको' उचलून 'नक्को' केला. विजापूर वेशीत कान देऊन उभे राहा, 'मत' क्वचित, 'नक्को' पावलोपावली.

हां, फलक. 'चित्रे कोणीही पाठवावीत, निवड परीक्षकांची, पाहण्यास प्रवेशिका आवश्यक' असे लिहावे. लांबते? मग फलक मोठा करा.